ओपन सोर्स प्रकल्पाचे डॉक्स ताजे कसे ठेवायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं एक छोटं पायथन पॅकेज आहे. आकड्यात दिलेली रक्कम ते मराठी अक्षरांत लिहून देतं, चेकवर किंवा पावतीवर लागते तशी. सांभाळणारे आम्ही तिघं, तेही नोकरी सांभाळून. कोडपेक्षा डॉक्युमेंटेशननं (म्हणजे डॉक्स, वापरणाऱ्यासाठी लिहिलेली माहिती) आम्हाला जास्त शिकवलं. नव्यानं येणारे लोक, आणि स्वतःचा प्रकल्प चालवणारे मित्रही, जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. बरीच उदाहरणं पायथन ही भाषा आणि जँगो (तिच्यात वेबसाइट बांधायचं साधन) यांची आहेत, कारण डॉक्स कसे सांभाळावेत हे मी त्यांच्याकडे बघूनच शिकलो.

कोड व्यवस्थित चालतोय. मग डॉक्स थोडे जुने राहिले तर एवढं काय बिघडलं?

एक प्रसंग सांगतो. आम्ही एका फंक्शनच्या पॅरामीटरचं नाव बदललं. आधी ते ‘फॉरमॅट’ होतं, ते ‘स्टाइल’ केलं. कोड बदलला, टेस्ट बदलल्या, रिलीज झालं. रीडमीमधलं (प्रकल्पाची पहिली ओळख करून देणाऱ्या फाइलमधलं) उदाहरण मात्र तसंच राहिलं. तीन आठवड्यांनी रात्री साडेअकराला एका मुलीचा इश्यू, म्हणजे अडचणीची नोंद, आला. गावातल्या बचत गटाच्या पावत्या छापायला ती आमचं पॅकेज वापरत होती. रीडमीतल्या ओळी तिनं जशाच्या तशा उतरवल्या होत्या आणि पडद्यावर ‘अनएक्सपेक्टेड कीवर्ड आर्ग्युमेंट’ असं येत होतं. तिनं लिहिलं होतं, “मी नवीन आहे, माझंच काहीतरी चुकत असेल, माफ करा. तीन तास बघतेय.”

चूक आमची होती आणि माफी ती मागत होती. जुन्या डॉक्सनं खरं नुकसान होतं ते हे. अनुभवी माणूस कोड उघडतो, दोन मिनिटांत नवं नाव शोधतो आणि पुढे जातो. नवखा स्वतःवर शंका घेतो, आणि बहुतेक वेळा काही न कळवता निघून जातो. तिनं कळवलं, म्हणून आम्हाला कळलं.

गिटहबनं (कोड ठेवायच्या साइटनं) २०१७ मध्ये ओपन सोर्सबद्दल एक मोठी पाहणी केली होती. अपुरं किंवा गोंधळात टाकणारं डॉक्युमेंटेशन ही अडचण तिच्यात ९३ टक्के लोकांनी नोंदवली. त्याच पाहणीत ६० टक्के योगदानकर्त्यांनी सांगितलं की ते डॉक्समध्ये क्वचितच किंवा कधीच हात घालत नाहीत. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

डॉक्स जुने होतातच का? लोक आळशी असतात म्हणून?

नाही. कोड बदलताना जो माणूस तिथे बसलेला असतो, त्या क्षणी त्याच्याइतकं त्या बदलाबद्दल कुणालाच माहीत नसतं. काय बदललं, का बदललं, जुनं वापरणाऱ्याला काय करावं लागेल, सगळं त्याच्या डोक्यात ताजं असतं. दोन वाक्यं लिहायला तेव्हा त्याला पाच मिनिटं पुरतात. “डॉक्स नंतर करू” म्हटलं की तेच काम दोन महिन्यांनी दुसऱ्याच कुणाच्या गळ्यात पडतं, आणि त्याला आधी कोड वाचून सगळं समजून घ्यावं लागतं. म्हणून ते राहतं.

दुसरं कारण म्हणजे एकच गोष्ट पाच ठिकाणी लिहिलेली असते. रीडमीत, फंक्शनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच लिहिलेल्या माहितीत), ट्युटोरियलमध्ये, जुन्या इश्यूतल्या एखाद्या उत्तरात, कुणीतरी काढलेल्या स्क्रीनशॉटमध्ये. एक जागा सुधारली तरी चार चुकीच्याच राहतात. त्यामुळे प्रत्येक माहितीची हक्काची जागा एकच ठरवा आणि बाकी ठिकाणी तिची फक्त लिंक द्या. रीडमीत आमच्याकडे आता इन्स्टॉल करायची एक ओळ, एक उदाहरण आणि डॉक्सची लिंक एवढंच आहे.

एकच गोष्ट करायची असेल तर कोणती करू?

कोड आणि डॉक्स एकाच रेपोत (प्रकल्पाच्या फायलींच्या साठ्यात) ठेवा, आणि वापरणाऱ्याला दिसेल असा कोणताही बदल डॉक्सशिवाय मर्ज करू नका, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेऊ नका. या पानावरची बाकी सगळी उत्तरं याच्यानंतर येतात.

जँगोमध्ये हेच चालतं. डॉक्सचं फोल्डर कोडच्या शेजारी त्याच रेपोत आहे. नवं फीचर पाठवलं तर कोड, टेस्ट आणि डॉक्स असं तिन्ही त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल आत घ्या अशा विनंतीत) असावं लागतं, रिलीज नोट्समधल्या नोंदीसकट. डॉक्स नसतील तर फीचर अपुरं धरतात. पायथनचंही तसंच, भाषेच्या मूळ कोडबरोबर ‘डॉक’ नावाच्या फोल्डरमध्ये सगळं डॉक्युमेंटेशन राहतं.

लहान प्रकल्पात हा नियम पाळणं अवघड वाटतं. कुणीतरी फुकट वेळ काढून कोड पाठवलेला असतो आणि त्याला “आता डॉक्सही लिही” म्हणायला जीभ रेटत नाही. मलाही रेटायची नाही. मग आम्ही पुल रिक्वेस्टच्या टेम्प्लेटमध्ये एक ओळ घातली: ‘या बदलामुळे डॉक्सचं कोणतं पान बदलतं? एकही बदलत नसेल तर का ते लिहा.’ आता हा प्रश्न आम्ही कुणाला तोंडावर विचारत नाही, टेम्प्लेट विचारतं. इंग्रजी लिहायला संकोच वाटत असेल तर त्यानं मराठीत दोन ओळी लिहाव्यात, आम्ही नीट करून घेतो. पण त्या दोन ओळी त्याच पुल रिक्वेस्टमध्ये यायला हव्यात. मर्ज झाल्यावर नाही.

त्यापेक्षा विकी सोपी नाही का? कुणीही येऊन दुरुस्त करेल.

सोपी आहे, आणि काही गोष्टींना ती चांगलीच. कुठे कोणता प्रिंटर चालला, कुणी पॅकेज कशासाठी वापरलं, असल्या अनुभवांच्या नोंदी विकीवर शोभतात. मुख्य डॉक्स मात्र तिथे ठेवू नयेत असं माझं ठाम मत आहे. विकीवरच्या पानाला कोडच्या व्हर्जनशी बांधता येत नाही आणि बदल जाण्याआधी दुसरं कुणी तपासत नाही.

वेब डेव्हलपर रोज उघडतात त्या एमडीएनची गोष्ट बघा. मोझिलाची ही साइट २००५ पासून विकी म्हणून चालली. डिसेंबर २०२० मध्ये तिचा सगळा मजकूर गिटहबवर हलवला. तेव्हापासून दुरुस्ती पुल रिक्वेस्टनं येते आणि कुणीतरी बघितल्यावरच आत जाते. एवढ्या मोठ्या, पंधरा वर्षं मुरलेल्या विकीनं हा रस्ता धरला, यावरून काय ते समजा.

डॉक्सची साइट बनवायला साधन कोणतं वापरू?

यावर लोक आठवडे घालवतात, घालवू नका. पायथन प्रकल्प असेल तर स्फिंक्स. जॉर्ज ब्रँडल यांनी ते पायथनच्याच डॉक्ससाठी लिहिलं आणि २००८ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. मार्कडाउन ही साधी लिहिण्याची पद्धतच सोयीची वाटत असेल तर एमकेडॉक्स. जावास्क्रिप्टवाले बहुधा डॉक्युसॉरस घेतात. साइट चढवायला ओपन सोर्स प्रकल्पांना रीड द डॉक्स ही सेवा २०१० पासून मोफत आहे: तुम्ही रेपोत बदल ढकलला की ती स्वतः साइट बांधून चढवते.

एकच सावधगिरी. बिल्ड (साइट बांधण्याचं काम) नापास झालं तर ते कुणाच्या तरी इनबॉक्समध्ये येईल याची सोय करा. रीड द डॉक्सनं सप्टेंबर २०२३ पासून रेपोत कॉन्फिगरेशन फाइल असणं सक्तीचं केलं. ज्या प्रकल्पांकडे कुणी बघत नव्हतं त्यांची बिल्डं तेव्हापासून पडायला लागली आणि साइट शेवटच्या चांगल्या बिल्डवर थिजून राहिली. पान उघडतं, दिसतं, पण आतला मजकूर त्या दिवसापुढे सरकत नाही.

जुन्या व्हर्जनचे डॉक्स ठेवायचे की काढून टाकायचे?

ठेवा, पण प्रत्येक पानावर व्हर्जन ठळक दिसू द्या. लोक तुमच्या साइटच्या मुखपृष्ठावरून येत नाहीत. ते गुगलवरून थेट मधल्याच कुठल्यातरी पानावर येऊन पडतात, आणि बरीच वर्षं नेटवर असलेलं जुनं पान शोधात अनेकदा वर येतं. पायथन २ चं आयुष्य १ जानेवारी २०२० ला अधिकृतपणे संपलं, तरी शोधात त्याची पानं कितीतरी वर्षं समोर येत राहिली. म्हणून पायथनच्या जुन्या पानांवर सगळ्यात वर पट्टी असते: हे डॉक्युमेंट आता सपोर्ट नसलेल्या जुन्या व्हर्जनचं आहे, चालू व्हर्जनचं इथे वाचा. जँगो आणखी स्पष्ट बोलतं. त्याच्या जुन्या पानावर ती व्हर्जन असुरक्षित आहे असंच लिहिलेलं असतं. मला हे फार योग्य वाटतं. वाचणाऱ्याला नुसतं ‘जुनं’ सांगून भागत नाही, त्यात धोका आहे हेही कळलं पाहिजे.

किती जुन्या व्हर्जन ठेवायच्या हे तुमच्या ताकदीवर आहे. कुबरनेटीस (सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणारा मोठा ओपन सोर्स प्रकल्प) चालू व्हर्जन आणि तिच्या मागच्या चार, एवढ्यांचेच डॉक्स साइटवर ठेवतं. आम्ही चालू आणि मागची एक ठेवतो. जुन्या पानातून सर्च इंजिनला चालू पानाचा पत्ता सांगणारा कॅनॉनिकल टॅग घालता येतो. तो जरूर घाला, कारण दिसत नसला तरी शोधात नवं पान वर यायला त्याची मदत होते.

इथे एक घोळ जवळपास प्रत्येक लहान प्रकल्पात होतो. रीड द डॉक्सवर ‘लेटेस्ट’ म्हणजे मुख्य ब्रँचवर (काम चालू असलेल्या प्रतीत) आत्ता जे आहे ते, आणि ‘स्टेबल’ म्हणजे शेवटची टॅग केलेली रिलीज. तुम्ही साइटचा पत्ता ‘लेटेस्ट’कडे वळवलेला असेल, तर अजून रिलीजच न झालेल्या फंक्शनबद्दल लोक वाचतात, वापरायला जातात आणि “असं फंक्शनच नाही” म्हणून इश्यू टाकतात. म्हणजे डॉक्स कोडच्या पुढे गेले तरी चुकतात. मुख्य पत्ता ‘स्टेबल’कडे ठेवा.

“नुकतंच आलेलं”, “आता”, “लवकरच” असे शब्द वापरले तर चालतात का?

टाळा. “आता असं करता येतं” हे वाक्य लिहिलं त्या दिवशी खरं असतं, तीन वर्षांनी वाचणाऱ्याला त्यातला ‘आता’ कुठला ते कळत नाही. व्हर्जनचा आकडा लिहा. स्फिंक्समध्ये त्यासाठी ‘व्हर्जनॲडेड’, ‘व्हर्जनचेंज्ड’ आणि ‘डेप्रिकेटेड’ अशा तयार खुणा आहेत. पायथनच्या डॉक्समध्ये बऱ्याच फंक्शनांखाली बघा, कोणत्या व्हर्जनमध्ये आलं आणि पुढे कोणत्या व्हर्जनमध्ये त्यात काय बदललं याची छोटी वंशावळच दिलेली असते. ‘लवकरच’ तर अजिबात लिहू नका. पुढे काय येणार हे इश्यूमध्ये राहू दे.

डॉक्समधली उदाहरणं चालतात की नाही, हे दर वेळी हातानं कोण तपासणार?

मशीन तपासेल. हे उत्तर थोडं लांब लिहितो, कारण आम्हाला सगळ्यात जास्त फायदा इथे झाला.

पायथनमध्ये २००१ पासून डॉकटेस्ट नावाचं मॉड्यूल आहे. डॉक्समध्ये तुम्ही लिहिलेलं असतं की ही ओळ चालवली की हे उत्तर येतं. डॉकटेस्ट ती ओळ खरंच चालवतं आणि उत्तर तेच येतं का बघतं. स्फिंक्समध्येही त्याची सोय आहे. रस्ट भाषेत तर कोडवरच्या टिपणात लिहिलेली उदाहरणं नेहमीच्या टेस्टबरोबर आपोआप चालतात.

आमच्या डॉक्सच्या पहिल्याच पानावर १२५००० हा आकडा आहे आणि त्याचं उत्तर ‘एक लाख पंचवीस हजार’ असं लिहिलंय. एकदा एका मुलानं फार छान भर घातली: सव्वा, दीड, अडीच, साडेतीन ही आपली बोलण्यातली रीत. बोलून दाखवणाऱ्या ॲपसाठी ती त्याला हवी होती. कोड स्वच्छ होता, त्यानं स्वतःच्या टेस्टही लिहिल्या होत्या आणि त्या सगळ्या पास होत्या. पण पुल रिक्वेस्टवर लाल फुली आली. उघडून बघितलं तर डॉकटेस्ट सांगत होतं:

एक्स्पेक्टेड: एक लाख पंचवीस हजार
गॉट: सव्वा लाख

नवी रीत चुकून सगळ्यांसाठीच चालू झाली होती. चेकवर ‘सव्वा लाख’ लिहून चालत नाही. कोडच्या टेस्टमध्ये नेमका १२५००० हा आकडा नव्हता, डॉक्समध्ये होता. डॉक्समधल्या त्या एका ओळीनं आम्हाला वाचवलं. त्या मुलानं अर्ध्या तासात दुरुस्ती केली, आणि त्याच पुल रिक्वेस्टमध्ये बोलीभाषेतल्या रकमांवर वेगळं पानही लिहिलं.

एवढं करायला फार काही लागत नाही. सीआयमध्ये (प्रत्येक बदलावर आपोआप चालणाऱ्या तपासणीत) डॉकटेस्टची एक ओळ, आणि स्फिंक्स चालवताना सगळ्या तुटक्या संदर्भांवर इशारा देणारा ‘निटपिकी’ पर्याय व इशाऱ्यालाही चूक धरण्याचा पर्याय. त्यामुळे नसलेल्या फंक्शनकडे बोट दाखवणारा संदर्भ राहिला तरी बिल्ड थांबतं. जँगोच्या सीआयमध्ये डॉक्सचं स्पेलिंगसुद्धा तपासलं जातं. मराठीत ते अजून तितकं सोपं नाही, म्हणून शुद्धलेखन आम्ही डोळ्यांनीच बघतो.

लिंका तुटतात त्याचं काय?

स्फिंक्समध्ये लिंकचेक आहे, ते प्रत्येक बाहेरची लिंक उघडून बघतं. ते प्रत्येक पुल रिक्वेस्टवर लावू नका. दुसऱ्या कुणाची साइट तासभर बंद असली तरी तुमच्या योगदानकर्त्याला लाल फुली दिसेल आणि तो बिचारा आपली चूक शोधत बसेल. आठवड्यातून एकदा आपोआप चालू द्या. आणि स्वतःच्या पानाचं नाव बदललंत तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे रिडायरेक्ट लावाच. कुणाच्या तरी प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये, कुणाच्या तरी कोडमधल्या टिपणात तुमचा जुना पत्ता छापलेला असतो.

स्क्रीनशॉट आणि व्हिडिओ?

शब्दात सांगता येत असेल तर शब्दात सांगा. बटणाचं नाव बदललं तर शब्द एका मिनिटात सुधारतो. स्क्रीनशॉटसाठी सगळं पुन्हा उभं करून पुन्हा काढावा लागतो, म्हणून तो कुणी काढत नाही.

व्हिडिओ करायचाच असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाकडून शिका. ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे हे छोटे व्हिडिओ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आहेत. सुरुवातीलाच बोलणारी व्यक्ती सांगते की हे रेकॉर्ड करताना मी उबुंटूची अमुक व्हर्जन आणि या सॉफ्टवेअरची तमुक व्हर्जन वापरतेय. जुना व्हिडिओ लागला तरी बघणाऱ्याला पहिल्याच मिनिटात कळतं की आपला पडदा वेगळा का दिसतोय. प्रत्येक व्हिडिओची लिखित संहिताही वेळेच्या नोंदींसह ठेवलेली असते. तालुक्याच्या कॉलेजात कासव गतीच्या नेटवर बसलेल्या मुलाला कित्येकदा ती संहिताच जास्त कामाला येते.

मराठीत डॉक्स ठेवावेत का? मूळ इंग्रजी बदललं की मराठी पान मागे पडतं.

ठेवावेत, पण आधी सांभाळण्याची सोय करून.

पायथननं २०१७ मध्ये भाषांतरांसाठी रीतसर पद्धत ठरवली. मजकूर परिच्छेदा-परिच्छेदानं पीओ फाइलींत वेगळा काढतात आणि भाषांतर त्याच्या शेजारी लिहितात. या पद्धतीतली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे ‘फझी’ ही खूण. मूळ इंग्रजी परिच्छेद बदलला की त्याच्या भाषांतरावर ती आपोआप लागते, आणि कुणीतरी तपासेपर्यंत पानावर त्या जागी इंग्रजीच दिसतं. वाचणाऱ्याला भाषा बदललेली दिसते, पण चुकीची माहिती मिळत नाही. मला हा फार प्रामाणिक मार्ग वाटतो. शिवाय ट्युटोरियल पूर्ण भाषांतरित झाल्याशिवाय भाषा निवडायच्या यादीत ती भाषा येत नाही.

एमडीएननं गिटहबवर गेल्यानंतर ज्या भाषांमागे नेमानं सांभाळणारी माणसं होती त्याच ठेवल्या, बाकीच्यांची पानं काढली. वाईट वाटतं, पण निर्णय बरोबर होता.

दोन-तीन जणांचा प्रकल्प असेल तर सगळं भाषांतर करायला जाऊ नका. ‘सुरुवात कशी करावी’ हे एकच पान मराठीत करा, आणि ते इंग्रजीवरून उतरवू नका, थेट मराठीतच लिहा. फंक्शनांची यादी इंग्रजीत राहिली तरी अडत नाही. पहिल्या पानाशी मात्र अडतं.

हे सगळं करणार कोण?

‘सगळ्यांनी मिळून’ असं ठरवलं की कुणीच करत नाही. कुबरनेटीसमध्ये प्रत्येक रिलीजच्या टीममध्ये डॉक्सची जबाबदारी एका माणसाच्या नावावर असते, आणि कोड गोठवण्याच्या तारखांसारख्या डॉक्सच्याही तारखा असतात. आमच्याकडे तिघांत पाळी आहे. ज्याची पाळी तो रिलीजच्या आदल्या दिवशी बदलांची यादी एका बाजूला आणि डॉक्स दुसऱ्या बाजूला उघडून ओळ न ओळ पडताळतो. मागच्या वेळी मला चाळीस मिनिटं लागली.

बाहेरून येणारी मदत मनापासून घ्या, एका वेलांटीची दुरुस्ती असली तरी. एक सावधगिरी मात्र आहे. २०२० च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (पुल रिक्वेस्टी पाठवणाऱ्यांना टीशर्ट देणाऱ्या ऑक्टोबरमधल्या उपक्रमात) टीशर्टसाठी रीडमीत निरर्थक शब्द घालणाऱ्या पुल रिक्वेस्टींचा इतका पूर आला की आयोजकांना नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांनी स्वतःहून भाग घेतला असेल त्यांच्याच पुल रिक्वेस्टी मोजायचं ठरलं. म्हणून ‘डॉक्स सुधारा’ असा मोघम इश्यू लावू नका. ‘इन्स्टॉलच्या पानावर विंडोजची पायरी नाही, ती हवी’ असं नेमकं लिहा. नेमकं काम दिसलं की नेमकी माणसं येतात.

आमचे डॉक्स सहा वर्षं कुणी हात न लावलेले आहेत. सुरुवात कुठून करू?

सगळं पुन्हा लिहायला बसू नका. त्यात तिसऱ्या पानावर दम लागतो आणि मग पहिली तीन पानं नवी, बाकी जुनी, असं आणखी गोंधळाचं काहीतरी उरतं.

एखादं कोरं मशीन घ्या. प्रकल्प अजिबात माहीत नसलेल्या कुणाला तरी शेजारी बसवा आणि फक्त डॉक्स वाचून पॅकेज बसवायला सांगा. तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही. हे फार जड जातं. माझा चुलतभाऊ बसला होता, तेव्हा चौथ्या मिनिटाला तो अडला आणि माझ्या तोंडातून “अरे, आधी ते...” निघालंच. ते ‘आधी ते’ डॉक्समध्ये नव्हतं. तो जिथे जिथे थांबला ती प्रत्येक जागा वहीत टिपली. नऊ जागा निघाल्या. त्या नऊ दुरुस्त केल्यावर इन्स्टॉलबद्दलचे प्रश्न जवळपास थांबले.

इन्स्टॉल आणि पहिलं उदाहरण नीट झालं की मग बाकीच्या पानांची वर्गवारी करा. डॅनिएले प्रोचिडा यांनी मांडलेली डायटॅक्सिसची विभागणी इथे कामाला येते: शिकवणारं पान, एखादं काम करून देणारं पान, संदर्भाचं पान आणि समजावणारं पान. जुनी पानं बहुधा चारही एकत्र कालवलेली असतात, म्हणून त्यातलं नेमकं काय जुनं झालं हेच कळत नाही. वेगळी केलीत की दिसायला लागतं. संदर्भाची पानं डॉकस्ट्रिंगमधून आपोआप काढता येतात, तेवढं ओझं तरी कमी होतं.

पान डिलीट करायला हात धजत नाही. कुणीतरी मेहनतीनं लिहिलंय.

ज्यानं लिहिलं त्याचं नाव गिटच्या इतिहासात कायम राहतं, मजकूरही तिथून केव्हाही काढता येतो. आज ते पान वाचून कुणाचा तरी दिवस वाया जातोय, त्याचा विचार आधी करा. नसलेलं पान माणसाला विचारायला लावतं. चुकीचं पान त्याला चुकीच्या वाटेवर लांब नेतं.

एआयकडून डॉक्स लिहून घेतले तर?

कच्चा मसुदा घ्यायला हरकत नाही. पण मी बघितलंय की त्यात नसलेले पॅरामीटर अगदी खात्रीनं लिहिलेले येतात आणि भाषा इतकी सफाईदार असते की तपासणाऱ्याची नजर घसरते. आमचा नियम असा की मसुदा कुणीही लिहिलेला असो, त्यातली प्रत्येक कमांड पाठवणाऱ्यानं स्वतः चालवून बघितलेली असली पाहिजे, आणि प्रत्येक उदाहरण डॉकटेस्टमधून गेलं पाहिजे.

डॉक्सना वेगळा परवाना लागतो का?

कोणता आहे तो स्पष्ट लिहिलेला हवा. उदाहरणांचा विसर पडतो. लोक ती उचलून स्वतःच्या कोडमध्ये घालणारच, त्यासाठीच ती असतात. पायथननं ३.८.६ पासून डॉक्समधल्या उदाहरणांना झीरो क्लॉज बीएसडी हा अगदी मोकळा परवानाही दिला, म्हणजे उचलणाऱ्याला नाव देण्याचंही बंधन नाही.

मला कोडिंग फारसं येत नाही. तरी मदत करता येईल का?

येईल, आणि हवी आहे. पायथनच्या डॉक्समध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी ‘चूक सापडली?’ अशी लिंक असते. आमच्या पानांवरही आहे. तिथून कळवताना चार गोष्टी लिहा: कोणतं पान, तुमच्याकडची व्हर्जन, तुम्ही नेमकं काय टाइप केलंत, आणि पडद्यावर काय आलं. पडद्यावरचा मजकूर फोटो न काढता कॉपी करून चिकटवा, म्हणजे पुढच्याला तो शोधात सापडतो. मराठीत लिहिलंत तरी चालेल. आणि “माझंच काहीतरी चुकत असेल” हे वाक्य लिहू नका. पानावर लिहिलंय तसं तुम्ही केलंत आणि ते चाललं नाही, तर चूक पानाची आहे. ती आम्ही दुरुस्त करू.